देवाची खोली सोडून

शहापूरला हमरस्त्याच्या कडेला श्यामरावांनी धानाचं गोदाम बांधलं, तेव्हा आसपासच्या गावांतली माणसं बैलबंड्या जुंपून ते पाहायला आली. गोदाम म्हणजे एका ओळीत सात खोल्या, पुढे लांबलचक ओटा आणि टोकाला मालकाची बैठक. पण बघण्यासारखं जे होतं ते बैठकीत होतं. भिंतीवर एक लोखंडी पेटी ठोकलेली, तिच्यावर एक काटा आणि एक फिरवायची खुंटी. प्रत्येक खोलीतल्या पोत्यांच्या थप्पीत एक तार पुरलेली होती, आणि त्या सगळ्या तारा छपराखालच्या नळीतून या पेटीत येऊन मिळत होत्या. खुंटी ज्या आकड्यावर फिरवावी, त्या खोलीतलं धान किती तापलंय ते काटा दाखवी. श्यामरावांनी असं काहीतरी मुंबईकडे पाहिलं होतं आणि तेव्हापासून त्यांना झोप नव्हती. साल त्र्याऐंशी. भंडाऱ्यातल्या डॉक्टरांकडे ताप मोजायची नळी एकच होती, आणि श्यामरावांच्या धानाला सात होत्या.

ओलसर धान खोलीत पडलं की ते आतून तापतं, मग कुबट होतं आणि शेवटी कोंबडीही त्याला तोंड लावत नाही. पूर्वी हमालांचा मुकादम टिकाराम थप्पीत कोपरापर्यंत हात खुपसून सांगायचा, ही फोडा, पोती उतरवून वारा द्या, ही राहू द्या. त्याचा शब्द तिथे देवाचा शब्द होता. आता पेटी सांगणार होती आणि पेटीचं सांगणं वाचून दाखवायला श्यामरावांनी आंधळगावचा तेजराम ठेवला.

तेजराम मॅट्रिक पास, अंगाने काडी, आणि घरच्यांच्या दृष्टीने कुचकामी. थोरला भाऊ इश्वर त्याला चारचौघांत म्हणायचा, "तुया शब्दाले कुत्रं तरी इचारते का रे?" लग्न झाल्यावर बायकोसमोरही म्हणाला. तेव्हा तेजराम बायकोला घेऊन शहापूरला एका खोलीत राहायला आला आणि त्याने मनाशी ठरवलं, की इथे माझ्या एका शब्दावर खोल्यांची कुलपं उघडतील. नोकरी कुठेही मिळाली असती कदाचित, पण असा मान मिळाला नसता. त्या मानासाठी तो जीव टाकत होता.

पहिल्याच महिन्यात त्याने बैठकीच्या दारात उभं राहून ओरडून सांगितलं, "चारमध्ये ऊब धरली आहे. चार फोडा." हमालांनी चार फोडली. टिकारामने हात घातला, बाहेर काढला, गालाला लावून पाहिला आणि सगळ्यांकडे वळून म्हणाला, "हे तं पाटाच्या पाण्यावानी थंडं हाये, बाबू. पेटीले ताप आला का तुमाले?"

ओट्यावर हशा पिकला. तेजरामने आत जाऊन पुन्हा खुंटी फिरवली. काटा तसाच. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा चार सांगितलं, पुन्हा थप्पी फोडली, पुन्हा थंड. पोती उतरवून चढवून हमालांच्या पाठी दुखल्या, पण गंमत अशी की कोणी कुरकुर करीना. सगळे जत्रेला आल्यासारखे कामाला लागायचे. तिसऱ्या खेपेला श्यामराव स्वतः आले आणि हमालांसमोर म्हणाले, "यंत्र लाखात एक हाये. वाचणाराच गाढव भेटला मले."

आणि मग एका सकाळी वास आला. जी खोली कोणी उघडली नव्हती, तिथून. श्यामराव तिला चिन्नोरची खोली म्हणत, कारण त्यांना खोल्या आतल्या मालावरून कळायच्या. दार उघडलं तर उत्तम चिन्नोर धान काळं पडून त्याचे गोळे झालेले. श्यामरावांनी तेजरामला बोटाने बोलावलं, एक टोपलं मागवलं, आणि ते सडलेलं धान स्वतःच्या डोक्यावरून खड्ड्यात नेऊन टाकायला सांगितलं. एक टोपलं नाही, खोली रिकामी होईपर्यंत. मॅट्रिक पास माणूस, अंगात पांढरा सदरा, आणि कानांवरून आंबलेलं पाणी गळतंय. टिकाराम दर वेळी टोपल्याला हात लावून ते त्याच्या डोक्यावर चढवायचा आणि फार प्रेमाने विचारायचा, "जड होते का, बाबू?"

तेजरामची बायको चंद्रकांता त्या दिवशी त्याचा डबा घेऊन आली होती. तिने हे पाहिलं, डबा ओट्यावर ठेवला आणि परत गेली. 

त्या गोदामात तेजरामशी माणसासारखं वागणारी एकच बाई होती, ती म्हणजे टिकारामची आई पार्वताबाई. पाठीत वाकलेली, कानाने अधू, आणि जन्मभर नाकात तपकीर ओढून ओढून नाकही मेलेलं. ओट्यावर सांडलेलं धान ती झाडून गोळा करायची. रोज सकाळी कामाला लागण्याआधी ती पहिल्या खोलीच्या उंबऱ्याला कुंकू लावायची. तेजराम एकदा तिथे पायरीवर डोकं धरून बसला होता. तिने पदरातून मूठभर चणे काढून त्याच्या हातावर ठेवले आणि म्हणाली, "खा, लेकरा. मालक तं बोंबलतच रायते. त्याच्यानं काय होते."

तेजरामने उगाच बोलायचं म्हणून, तिच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "आजी, कुंकू इथंच काहून? बाकीच्या खोल्यायले नाही लावत?"

"हे देवाची खोली नं," म्हातारी म्हणाली, जणू हे शेळीच्या पिल्लालाही माहीत असावं. "धान मोजताना पयलं माप देवाचं रायते. ते मोजत नाई. देवाचं बाजूले ठेवा लागते, मंग एक मनाव. तसंच खोल्याचं. हे देवाची. मंग एक, मंग दोन, मंग तीन." तिने वाकड्या बोटाने ओळीने दारं दाखवली. "आमचे पोरं तसेच मोजतेत. पिढ्यान्‌पिढ्या तसंच."

तेजरामच्या तोंडातला चणा तोंडातच राहिला. तारा बसवणाऱ्या नागपूरच्या वायरमनला देव ठाऊक नव्हता. त्याने या कुंकवाच्या दारापासूनच सरळ एक, दोन, तीन असे आकडे टाकले होते. पेटीची चार म्हणजे हमालांची तीन. तो चार म्हणून घसा कोरडा करत होता, हमाल त्यांच्या चारच्या, म्हणजे पेटीच्या पाचच्या, थप्प्या फोडत होते, आणि खरी तापलेली खोली मधल्या मध्ये शांतपणे सडत होती. दारांवर आकडे घालायचे म्हटलं, तर नव्या ऑइलपेंटचे दरवाजे खराब होतील म्हणून श्यामरावांनी घालू दिले नव्हते.

आणि लगेच त्याला दुसरी गोष्ट आठवली. चिन्नोर सडण्याआधी एकदा त्याने सात सांगितलं होतं. हमालांच्या मोजणीत सात नंबरची खोलीच नाही. तरी टिकारामने एक शब्द न विचारता शेवटची खोली उघडली होती. म्हणजे त्याला त्या दिवशीच उलगडलं होतं. माहीत असून त्याने डोक्यावर टोपलं चढवू दिलं होतं. नव्हे, स्वतःच्या हाताने चढवलं होतं. सगळ्या हमालांना माहीत होतं. फक्त या म्हातारीला त्यातलं काही माहीत नव्हतं, म्हणून तर तिने सांगून टाकलं.

तेजरामचा संताप तेव्हा खरा होता आणि न्यायाचाही होता. तेवढ्यावर तो थांबता, तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

तो श्यामरावांकडे गेला आणि सगळं समजावून दिलं. श्यामराव आधी पेटीकडे बघत राहिले, मग दारांकडे, मग त्यांच्या डोळ्यांत रक्त आलं. चिन्नोर सडल्याचं दुःख वेगळं, पण हमाल आपल्यावर हसत होते हे त्यांच्या जिव्हारी लागलं. "आजपासून एकच नंबर," ते म्हणाले. "पेटीचा. मीबी चिन्नोरची खोली म्हणणार नाही. नंबर तू ठरवशीन, शिक्षाबी तूच देशीन." तेजरामला एवढंच हवं होतं.

दारांवर पांढऱ्या रंगात हातभर उंच आकडे आले. देवाच्या खोलीवर एक आला. हमालांच्या तोंडावरची माशी हलली नाही, पण त्यांच्यातल्या निम्म्यांना आकडा वाचता येत नव्हता आणि जिभेला वळण जुनंच होतं. जो जुना आकडा बोलेल त्याला तेजरामने शिक्षा ठरवली ती अशी, की त्याने ओट्यावरून एका टोकापासून चालत जायचं, प्रत्येक दारावर हात ठेवायचा आणि सगळ्यांसमोर मोठ्याने आकडा म्हणायचा. पहिल्या दाराशी त्याने थांबायचं आणि म्हणायचं, "ही एक. ही देवाची नाही." हे शेवटचं तेजरामने मुद्दाम जोडलं होतं. गोदामाला त्याची काही गरज नव्हती.

टिकाराम पन्नाशीचा. दोन पोती एका पाठीवर घेऊन पायऱ्या चढणारा. पहिल्याच आठवड्यात त्याच्या तोंडून चुकून जुना आकडा गेला. तेजरामने बायका झाडायला आल्या आहेत हे पाहून त्याला दारं मोजायला लावली. टिकाराम पहिल्या दाराशी उभा राहिला. त्याची बायको रत्नाबाई खाली मान घालून झाडत राहिली. पार्वताबाईला ऐकू येत नव्हतं, ती मुलाकडे बघून हसली, तिला वाटलं पोरगा देवाला हात लावतो आहे.

"मोठ्यानं," तेजराम म्हणाला.

"हे एक," टिकाराम म्हणाला. "हे देवाची नाई."

"जड होते का, मुकादम?" तेजरामने फार प्रेमाने विचारलं.

त्या दिवशी तेजराम घरी गाणं गुणगुणत गेला. पुढचे दिवस तो माणसांच्या चुकांची वाट बघत बसायचा, मांजर उंदराच्या बिळापाशी बसतं तसा. टिकारामला त्याने इतक्यांदा दारं मोजायला लावली की त्याच्या जिभेवरून जुना आकडा पार खरवडून निघाला. झोपेत विचारलं असतं तरी त्याने पेटीचाच आकडा सांगितला असता. श्यामराव खूश. आता पेटी बोलायची, तेजराम सांगायचा आणि बरोबर तीच खोली उघडायची. तरी एक सल तेजरामला होताच. तो नंबर सांगे, हमाल दार उघडत, आणि टिकाराम हात घालून बघितल्याशिवाय कधी मान डोलवत नसे. तापलेलं असलं की हात बाहेर काढून म्हणे, "हो, हाये." म्हणजे शब्द अजून त्याचाच चालत होता.

पौषात श्यामरावांनी नागपूरच्या एका मोठ्या साहेबांना पेटी दाखवायला बोलावलं. सोबत दोन-तीन व्यापारीही येणार होते. ओटा धुतला, तोरण लावलं, धान भरडायची गिरणी तेल घालून तयार ठेवली. श्यामरावांनी सकाळीच बजावलं, "म्हाताऱ्याकोताऱ्या बाया ओट्यावर दिसल्या नाही पायजे. साहेब म्हणन का गोदाम हाय का धर्मशाळा."

त्याच दिवशी चार नंबरमध्ये कीड मारायच्या गोळ्या घालायच्या होत्या. तेजरामनेच सकाळी तसं सांगितलं होतं. या गोळ्या हवा लागली की हळूहळू विषारी धूर सोडतात. त्या बशीत ठेवायच्या, दार लावायचं, फटी मातीने लिंपायच्या आणि चार-पाच दिवस तिकडे फिरकायचं नाही. हे काम गोपीचंद नावाचा हमाल करायचा. त्याने तोंडाला फडकं बांधून बशा ठेवल्या, बाहेर येऊन दार नुसतं लोटलं आणि माती आणायला मागच्या बोडीवर, म्हणजे लहानशा तळ्यावर, गेला.

तेजराम ओट्यावर खुर्ची टाकून साहेबांसमोर काय बोलायचं ते मनात घोळवत होता. तेवढ्यात टिकाराम आईला घेऊन आला. त्याने तेजरामकडे एकदा पाहिलं आणि मग आईच्या कानात, पण तेजरामलाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं, "माय, तीनात जाऊन बस. पोत्यामांगं निजून राय. पावने गेले का बलावतो."

तीन नंबरची खोली अर्धी रिकामी होती, थंड होती. टिकाराम बरोबर बोलला होता. पेटीचा आकडा, दारावरचा आकडा. त्याला तसं बोलायला तेजरामनेच शिकवलं होतं. तो गिरणीकडे वळला.

म्हातारीला दारावरचे पांढरे आकडे म्हणजे रांगोळी. तिने पहिल्या दाराला हात लावून तो कपाळाला लावला. देवाची. मग बोटांवर मोजत पुढे निघाली, एक, दोन, तीन. तीनचं, म्हणजे दारावर चार लिहिलेलं, दार तिने दोन्ही हातांनी ओढून उघडलं, आत गेली, आणि कोणाला दिसायचं नाही म्हणून दार मागून ओढून घेतलं.

तेजरामने हे सगळं पाहिलं. पाहून त्याला ते लगेच उमगलंही. पोरगा नव्या हिशोबाने बोलला, आई जुन्या हिशोबाने चालली. त्याने एक हाक मारायची होती. हाक मारून भागलं नसतं, तिला ऐकू आलं नसतं, तर उठून दहा पावलं जायचं होतं. तो उठलाही नाही. त्याच्या मनात आलं, की गोपीचंद माती घेऊन येईल, आत डोकावेल, म्हातारीला पाहून बोंब मारेल, आणि नेमके तेव्हा साहेब आलेले असतील. मग साहेबांसमोर टिकारामला बोलवायचं. तुझ्या घरात अजून जुने नंबर चालतात का म्हणून विचारायचं. आणि तोरण लावलेल्या ओट्यावर, पाहुण्यांदेखत, त्याला पुन्हा दारं मोजायला लावायची. या विचाराने त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. म्हातारी मरेल हे नव्हे, टिकारामचं हसं होईल, एवढंच त्याला दिसत होतं.

जीप आली. श्यामरावांनी हाका मारल्या. तेजराम सदरा नीट करत पळाला, आणि पळता पळता म्हातारी त्याच्या डोक्यातून निघून गेली. हे खरं आहे. ती खरंच निघून गेली.

गोपीचंद माती घेऊन आला. पाहुण्यांपुढे फडकं बांधून मळक्या अंगाने उभं राहायची त्याला लाज वाटली, म्हणून त्याने आत न बघता बाहेरून कडी घातली, घाईघाईने फटी लिंपल्या आणि मागच्या बाजूने सटकला. श्यामरावांनी साहेबांना दाखवायला गिरणी सुरू करवली. तिचा खडखडाट असा, की शेजारचा माणूस काय बोलतो ते कळत नव्हतं.

बैठकीत तेजरामने खुंटी फिरवली. एक, दोन, तीन. साहेब वाकून बघत होते. चारवर खुंटी आली तेव्हा त्यांनी विचारलं, "इथे काय?"

"औषध टाकलं आहे, साहेब. पण थप्पी एकदम थंड. बघा, काटा जागचा हलत नाही."

"व्वा," साहेब म्हणाले. "म्हणजे दार न उघडता तुम्हाला आतली सगळी खबर."

"सगळी," तेजराम म्हणाला. साहेबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. जन्मात पहिल्यांदा कोणा मोठ्या माणसाने त्याच्या पाठीवर हात ठेवला होता, आणि श्यामराव ते कौतुकाने बघत होते.

पाहुणे जेवून गेले. दिवेलागणीला टिकाराम बैठकीच्या दारात आला. "बाबू, माय दिसली का कुठं? तीनात तं नाई."

तेव्हा तेजरामला आठवलं.  त्या क्षणी जरी तो बोलला असता, "चार फोडा," तरी काय सांगावं, म्हातारीचं दैव बलवत्तर असतं तर असतं. पण बोलला असता तर पुढचा प्रश्न आला असता, तुम्हाला कसं माहीत.  साहेबांचा हात अजून पाठीवर जाणवत होता.

"तीनात नीट पाहा," तो म्हणाला.

"पायलं नं. पोते सरकवून पायले."

"मग घरी गेली असेल."

टिकाराम घरी गेला. घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. तो जाऊन येईपर्यंत तेजराम बैठकीत बसून राहिला. दिवा लावायला उठला नाही. चार नंबरचं दार तिथून दिसत होतं. आता गिरणी बंद होती आणि सगळीकडे शांत होतं, आणि त्या दारातून काहीही आवाज येत नव्हता. तो काय ऐकायला बसला होता ते त्याचं त्याला ठाऊक.

टिकाराम परत आला तो रत्नाबाईला घेऊन, धावत. वाटेत तिनेच नवऱ्याला विचारलं होतं, "बुढीले नवे नंबर कोणं सांगतले?" टिकाराम उभा राहिला तिथेच, असं म्हणतात, आणि मग दोघंही पळत सुटली. त्याने हाताने ओली माती ओरबाडली, कडी काढली, दार ओढलं. म्हातारी आतून दाराला टेकून बसली होती, ती त्याच्या पायांवर कलंडली. झोपेत गेली नव्हती. तिची नखं दाराच्या लाकडाने सोलली होती. खडखडाट चालू असताना तिने किती वेळ दार वाजवलं असेल, ते फक्त त्या दाराला माहीत.

पंचनामा झाला. श्यामरावांनी फौजदाराला ओटा दाखवला, आकडे दाखवले. "हातभर आकडे हायेत, साहेब. आंधळ्याले दिसन." गोपीचंदने सांगितलं, मी दार लोटून गेलो होतो. आणि टिकारामने सांगितलं, मीच तिले तीनात जा म्हणालो. तिले जुनं तीन ठाऊक होतं, हे मले सुचलंच नाही. फौजदाराने विचारलं, नवे नंबर तिला कोणी समजावले होते का? कोणीच नाही. ती तर झाडणारी बाई. नंबर हमालांसाठी होते.

तेजरामला कोणी काही विचारलं नाही. श्यामरावांनी त्याचा पगार वाढवला, आणि दारं मोजायची शिक्षा आपोआप बंद पडली, कारण त्यानंतर कोणाच्या तोंडून चुकीचा आकडा गेला नाही. झाडणाऱ्या बायकाही सकाळी येताच एकमेकींना आकडे म्हणून दाखवत. पहिल्या खोलीला कुंकू लावायला मात्र कोणी उरलं नाही.

तेरावं झाल्यावर टिकाराम कामावर आला. डोकं भादरलेलं, गाल आत गेलेले. पोती उचलायच्या आधी तो बैठकीत आला आणि पेटीखाली उभा राहिला. तेजराम खुंटीवरचा हात काढायला विसरला.

"बाबू, एक इचारू का?"

"विचार."

"मी मायच्या कानात सांगत होतो तवा तुमी ओट्यावरच बसले होते. मी पाठ फिरवून गिरणीकडं गेलो. मले रातभर झोप नाई येत. ते चारात जाऊन रायली होती, ते तुमाले दिसलं होतं का?"

बाहेर हमाल पोती मोजत होते. तेजरामने टिकारामच्या डोळ्यांत बघितलं, आणि बघता आलं याचं त्याला स्वतःलाच नवल वाटलं.

"नाही," तो म्हणाला.

टिकारामने मान खाली घातली. मग ती हलकेच डोलवली. "बराबर हाये. दिसली असती तं तुमी उठले असते. आपसात कितीबी वाकडं रायलं तरी, बुढ्या बाईसाठी माणूस उठतेच नं." तो दारापर्यंत गेला आणि वळला. "माया मनात पाप आलं होतं, बाबू. माफ करा."

तो ओट्यावर गेला. थोड्या वेळाने तेजरामने खुंटी फिरवली आणि दारात येऊन सांगितलं, "सहा तापली आहे." हमालांनी सहा उघडली. टिकारामने थप्पीत हात घातला नाही, नुसतं म्हणाला, "बाबू म्हणतेत नं. फोडा."